डिस्क ब्रेक मऊ पडला? ब्रेक ऑइल बदलायची आणि हवा काढायची पद्धत

गावोगावच्या दुचाकींना आता पुढे डिस्क ब्रेक असतो. इंजिन ऑइल बहुतेक जण वेळेवर बदलतात, पण ब्रेक ऑइल गाडी घेतली तेव्हाचेच अनेक वर्षे तसेच राहते. सपाट रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. खरी अडचण घाट उतरताना होते. मागे बायको-मुले, डिकीत सामान आणि समोर वळण असताना लिव्हर एकदम हँडलला टेकतो. खाली उतरून गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा नीट लागतो आणि "काही नाही, ठीक आहे" म्हणून विषय तिथेच संपतो. वाहनधारकांनी नेमकी हीच खूण ओळखायला हवी.

ब्रेक ऑइल खराब का होते?

लिव्हर दाबला की तेलाचा दाब नळीतून खाली कॅलिपरपर्यंत जातो आणि पॅड डिस्कवर आवळले जातात. तेल दाबले जात नाही, म्हणून बोटाचा जोर थेट चाकापर्यंत पोचतो. हवा किंवा वाफ मात्र दाबली जाते. नळीत थोडी जरी हवा असली तरी जोर तिथेच वाया जातो आणि लिव्हर स्पंजसारखा लागतो.

डॉट ३ आणि डॉट ४ ही नेहमीची ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतात. डबीचे झाकण घट्ट असले तरी रबर आणि नळीतून हळूहळू ओल शिरतेच. नवे डॉट ३ तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, तर डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. तेलात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की हीच किमान मर्यादा डॉट ३ साठी १४० आणि डॉट ४ साठी १५५ अंशांवर येते. आंबेनळी, वरंध किंवा आंबोलीसारख्या घाटात ब्रेक सतत धरून उतरले की कॅलिपर खूप तापतो. जुने तेल तिथे उकळते, वाफ तयार होते आणि ब्रेक जातो. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते, म्हणून दोष दिसत नाही. पण तो गेलेला नसतो, पुढच्या घाटाची वाट पाहत असतो.

तेल कधी बदलावे?

गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत मुदत दिलेली असते. बऱ्याच कंपन्या दोन वर्षे सांगतात. गाडी कमी चालली तरी मुदत बदलत नाही, कारण ओल उभ्या गाडीतही शिरते. मुदतीआधीही पुढील खुणा दिसल्या तर थांबू नये :

- नवे तेल फिकट पिवळसर, पारदर्शक असते. डबीच्या काचेतून ते तपकिरी किंवा काळपट दिसू लागले.
- लिव्हर मऊ लागतो, किंवा दोन-तीनदा दाबल्यावरच ब्रेक धरतो.
- घाटात ब्रेक कमी झाला आणि नंतर आपोआप ठीक झाला.

डबीतली पातळी खाली गेली असेल तर नुसते वरून तेल ओतू नये. पॅड झिजले की पातळी उतरते, म्हणून आधी पॅड पाहावेत. पॅड ठीक असूनही पातळी उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती काढल्याशिवाय गाडी चालवू नये.

मागच्या चाकाला ड्रम ब्रेक असेल तर त्यात सहसा तेल नसते. तो दांडीवर किंवा केबलवर चालतो आणि नट फिरवून आवळला जातो. खालील पद्धत फक्त डिस्क ब्रेकसाठी आहे.

कोणते तेल घ्यावे?

डबीच्या झाकणावरच 'डॉट ३' किंवा 'डॉट ४' असे लिहिलेले असते. तेच घ्यावे, आणि सीलबंद छोटी बाटली घ्यावी. गॅरेजमध्ये महिनोन् महिने उघड्या पडलेल्या बाटलीतले तेल आधीच ओल खाल्लेले असते. डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळे तेल आहे. ते डॉट ३ किंवा ४ मध्ये कधीही मिसळू नये. डॉट ५.१ चे नाव सारखे असले तरी तो वेगळा प्रकार आहे, त्यामुळे नाव नीट वाचावे. इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल किंवा डिझेल तर थेंबभरही चालत नाही. त्याने आतले रबर फुगते आणि ब्रेक जाम होतो किंवा गळू लागतो.

लागणारे सामान

निपलच्या मापाचा रिंग पाना (बऱ्याच दुचाकींना ८ नंबरचा), झाकणाच्या स्क्रूला नीट बसणारा पेचकस, निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक प्लास्टिक नळी, रिकामी बाटली, सुई काढलेली सिरिंज, स्वच्छ फडकी आणि बादलीभर पाणी. ब्रेक ऑइल रंग खाते. म्हणून टाकी आणि मडगार्डवर ओले फडके टाकावे, थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवावा. हातमोजे घालावेत आणि डोळ्यात उडणार नाही याची काळजी घ्यावी.

तेल बदलण्याची पद्धत

१. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावावी. हँडल असे वळवावे की तेलाची डबी आडवी, समपातळीत राहील.

२. झाकण उघडण्याआधी आजूबाजूची धूळ पुसावी. स्क्रू मऊ असतात, पेचकस दाबून धरूनच फिरवावा. झाकण आणि त्याखालचे रबर काढून स्वच्छ फडक्यावर ठेवावे.

३. सिरिंजने डबीतले जुने तेल काढावे, पण तळाशी थोडे राहू द्यावे. तळाचे भोक उघडे पडता कामा नये. मग नवे तेल भरावे.

४. कॅलिपरवरच्या निपलची रबरी टोपी काढावी. आधी रिंग पाना बसवावा, मग नळी. नळीचे दुसरे टोक बाटलीत थोड्या नव्या तेलात बुडवून ठेवावे, म्हणजे हवा परत ओढली जाणार नाही.

५. लिव्हर तीन-चार वेळा हळू दाबून सोडावा आणि शेवटी दाबून धरावा. दाबलेलाच ठेवून निपल पाव फेरा सैल करावे. तेल बाहेर येईल आणि लिव्हर खाली जाईल. आधी निपल बंद करावे, मगच लिव्हर सोडावा. हा क्रम चुकला तर हवा आत जाते. सोबत माणूस असेल तर एकाने लिव्हर, दुसऱ्याने पाना सांभाळावा.

६. हेच पुन्हा पुन्हा करावे. दर चार-पाच वेळांनी डबी पाहून तेल टाकत राहावे. डबी रिकामी झाली तर हवा आत शिरते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

७. नळीत स्वच्छ तेल दिसू लागले आणि बुडबुडे थांबले की काम झाले. निपल बेताने आवळावे, जास्त जोर लावला तर आटे जातात. टोपी बसवावी, डबी वरच्या खुणेपर्यंत भरावी, रबर आणि झाकण नीट लावावे.

तरीही लिव्हर मऊ असेल तर नळीवर बोटाने हलकेच टिचक्या मारून लिव्हर थोडा थोडा दाबावा. अडकलेले बारीक बुडबुडे वर चढून डबीत येतात. त्यानंतर पुन्हा एकदा पाचवी पायरी करावी.

रस्त्यावर नेण्याआधी

लिव्हर जोरात दाबून मिनिटभर धरावा. तो हळूहळू खाली सरकत असेल तर गळती आहे किंवा आतले रबर गेले आहे. निपल आणि सगळे जोड पुसून पुन्हा पाहावेत. डिस्क किंवा पॅडवर तेल लागले तर ब्रेक घसरतो. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसता येते, तेल प्यायलेले पॅड मात्र बदलावेतच लागतात. पहिली चाचणी मोकळ्या जागी, चालण्याच्या वेगाने घ्यावी. पॅड बदलल्यावरही लिव्हर कडक होईपर्यंत दाबल्याशिवाय गाडी हलवू नये, कारण पहिल्या एक-दोन दाबांत ब्रेक लागतच नाही.

एबीएस असलेली गाडी

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे. या गाड्यांचेही तेल निपलमधून बदलता येते, पण डबी रिकामी होऊन एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली तर ती काढायला कंपनीचे यंत्र लागू शकते. खात्री नसेल तर काम सर्व्हिस सेंटरवरच करून घ्यावे.

किनाऱ्यांवर पर्यटकांना फिरवणाऱ्या एटीव्हीच्या हायड्रॉलिक ब्रेकलाही हीच पद्धत लागू पडते. खाऱ्या पाण्याने त्यांचे निपल गंजून बसते. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल फक्त निपलच्या मुळाशी लावावे, ते डिस्क-पॅडवर उडू देऊ नये, आणि पान्यावर अंग टाकून निपल तोडू नये.

काढलेले तेल शेतात, विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नये. ते पुन्हा वापरायचेही नसते. बाटलीत बंद करून, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे आणि गॅरेजवाल्याकडे जुन्या तेलात द्यावे. बदलल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून सीटखाली लावावी. आणि तेल कितीही नवे असले तरी घाट न्यूट्रलमध्ये उतरू नये. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे निम्मे काम इंजिन करते आणि ब्रेक तापत नाही.