पावागडचे पाणी आणि वडोदरा

विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते आणि मैदानात उतरून वडोदऱ्याच्या मधून वाहते. इथल्या पुराची जोखीम म्हणूनच केवळ शहरातल्या पावसावरून कळत नाही. वरच्या खोऱ्यात किती कोसळला, हे आधी पाहावे लागते.

जुने अंकोट्टक, आजचे अकोटा, नदीच्या पश्चिमेला होते. पुरामुळे तिथली वस्ती पूर्वेकडच्या उंच जागी, वटपद्रकात म्हणजे जुन्या वडोदऱ्यात सरकली, असा अभ्यासकांचा तर्क आहे. इ. स. 812 च्या राष्ट्रकूट ताम्रपटात वटपद्रकाचे नाव येते. उंचवटा पाहून घर बांधण्याची ही समज आजच्या कित्येक नकाशांपेक्षा शहाणी होती.

सयाजीराव गायकवाडांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून आजव्याचा तलाव बांधला. वरून येणारे पाणी तिथे काही काळ थोपते, पण तलाव भरल्यावर ते नदीतच सोडावे लागते. त्यामुळे नदीवरच्या काला घोडा पुलाच्या मोजपट्टीकडे सगळ्या शहराचे डोळे लागतात. तिथली धोक्याची पातळी 25 फूट. ऑगस्ट 2024 मध्ये पाणी 35 फुटांच्याही वर गेले आणि नदीकाठच्या सोसायट्यांत शिरले. त्याआधी 31 जुलै 2019 रोजी एका दिवसात शहरातच सुमारे 500 मिलिमीटर पाऊस झाला होता.

नदीइतक्याच महत्त्वाच्या आहेत 'कांस', म्हणजे पावसाचे पाणी नदीत नेणारे भूखी कांसेसारखे नाले. भराव आणि बांधकामांनी नाले व नदीकाठच्या घळी अरुंद झाल्या. नदी चढली की नाल्यांतले पाणी तुंबून मागे फिरते, आणि नदीपासून लांबच्या घरांतही शिरते. वडोदऱ्यात जागा घेणाऱ्याने म्हणूनच नदीपासूनच्या अंतराबरोबर जवळची कांस आणि जमिनीची उंचीही तपासायला हवी.