जामखेडचा सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प

जामखेडचा सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प हा महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० साली सुरू झालेला सेवाभावी आरोग्य प्रकल्प होय. डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने तो उभारला. जामखेड तालुका मराठवाड्यातील बीड व धाराशिव जिल्ह्यांना लागून असून तो पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. खेड्यांतील अल्पशिक्षित व निरक्षर स्त्रियांना प्रशिक्षण देऊन गावाचे आरोग्य त्यांच्या हाती सोपवणे, हे या प्रकल्पाचे मुख्य वैशिष्ट्य मानले जाते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील ख्रिस्ती सेवाकार्याला मोठी परंपरा आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणून केडगाव येथे मुक्ती सदनात त्यांना आश्रय दिला. मिरजेस डॉ. विल्यम वानलेस यांनी रुग्णालय उभारले. या परंपरेचा वैद्यकीय भाग प्रामुख्याने रुग्णालयाभोवती वाढला. रुग्णाने यावे, मिशनच्या डॉक्टरांनी त्याला बरे करावे, अशी ती पद्धत होती.

आरोळे दांपत्याची सुरुवातही याच पद्धतीने झाली. वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात दोघांचे शिक्षण झाले. आपले आयुष्य खेड्यांतील उपेक्षितांसाठी वेचण्याचा संकल्प त्यांनी विवाहाच्या दिवशीच केला होता. १९६२ पासून काही वर्षे त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. तेथे एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. येणाऱ्या रुग्णांपैकी बहुसंख्यांचे आजार टाळता येण्याजोगे होते. दूषित पाण्याने जुलाब झालेले मूल बरे होऊन घरी जाई, तेच पाणी पिई आणि पुन्हा आजारी पडे. शिवाय सर्वांत गरीब माणूस रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसे. पुढे अमेरिकेत त्यांनी उच्च शिक्षण घेतले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते १९७० साली परतले.

सुरुवातीचा काळ

जामखेडमधील स्थानिक पुढाऱ्यांच्या सहकार्याने जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत काम सुरू झाले. लोकांची पहिली मागणी औषधोपचाराची होती. ती नाकारून प्रतिबंधाचे धडे देत बसणे आरोळे यांना मान्य नव्हते. त्यामुळे रुग्णालयही चालू राहिले. खेड्यांत मात्र त्यांनी वेगळा मार्ग धरला. निरनिराळ्या जातींचे तरुण एकत्र यावेत म्हणून गावोगाव व्हॉलीबॉलचे खेळ सुरू केले. खेळानंतरच्या गप्पांतून शेतकरी मंडळे तयार झाली आणि पुढे महिला मंडळेही निघाली. आरोग्य प्रकल्पाची सुरुवात व्हॉलीबॉलने व्हावी हे ऐकायला नवल वाटते, पण जो गाव एकत्र बसत नाही तो आरोग्याचा निर्णयही एकत्र घेऊ शकत नाही, हा विचार त्यामागे होता.

१९७२ च्या दुष्काळाने कामाला निराळे वळण दिले. मुलांच्या पोषणासाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवावी लागली आणि पिण्याच्या पाण्याचा प्रश्न सर्वांत पुढे आला. विंधन विहिरी घेताना त्यांच्या जागा शक्य तेथे दलितवस्तीत निवडण्यात आल्या. पाण्यासाठी इतर वस्त्यांतील लोकांना तेथे यावे लागे. अस्पृश्यतेविरुद्ध भाषण न करता साधलेला हा परिणाम होता.

ग्राम आरोग्य सेविका

प्रारंभी प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत नेमून पाहिले. पण त्यांना तेथे राहणे जड जाई आणि गावकरी स्त्रियांशी त्यांचे सूतही जुळेना. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी असे ठरले. निवडल्या गेलेल्यांत दलित, विधवा व परित्यक्ता स्त्रिया पुष्कळ होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत आणि मुक्काम करून शिकत. एकत्र राहणे व एकत्र जेवणे हाही शिक्षणाचाच भाग होता.

सेविका गरोदर स्त्रियांची तपासणी करी, निर्जंतुक पाते वापरून सुरक्षित बाळंतपण करी, मुलांची वजने घेई आणि जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे हे आईला शिकवी. बधिर चट्टा दिसला की कुष्ठरोगाची शंका घेई. कुष्ठरोग्यांना वेगळे न काढता इतर रुग्णांबरोबरच उपचार देण्याचा प्रकल्पाचा आग्रह होता. गरोदरपणी जास्त खाल्ले तर बाळ मोठे होऊन बाळंतपण अडते, अशी खेड्यांत समजूत असे. ती बाहेरच्या डॉक्टरापेक्षा शेजारच्या बाईने दूर करणे सोपे जाई. सेविकेला पगार नसे. तिला लहान व्यवसायासाठी साहाय्य मिळे.

१९८८ मध्ये यांपैकी एका सेविकेने वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत भाषण केले. सभागृहातील झुंबर सुंदर पण महाग असते, साधी पणती मात्र दुसरी पणती पेटवू शकते, अशा आशयाचा दृष्टान्त तिने दिला. आरोळे यांच्या कामाचे इतके नेमके वर्णन क्वचितच कोणा तज्ज्ञाने केले असेल.

परिणाम आणि मान्यता

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ साली या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९७६ पर्यंत हे प्रमाण ५२ वर आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते. १९७९ साली दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भारत सरकारने २००५ मध्ये आखलेल्या आशा योजनेतही गावातलीच स्त्री गावाची आरोग्य कार्यकर्ती असते.

दृष्टिकोन

मराठीत ‘दया’ या शब्दात देणारा वर आणि घेणारा खाली, असा भाव सहज येतो. आरोळे यांच्या सेवेची प्रेरणा उघडपणे ख्रिस्ती होती, परंतु तिने देणारा-घेणारा हे अंतरच कमी करू पाहिले. यात डॉक्टरांना काही सोडावेही लागले. निदान व बाळंतपण यांसारखी आपल्या अधिकाराची कामे निरक्षर स्त्रीच्या हाती देणे त्या काळातील अनेक वैद्यांना धोक्याचे वाटे. सेविकांच्या पाठीशी जामखेडचे रुग्णालय होते, अवघड रुग्ण तेथे पाठवले जात, ही गोष्ट प्रकल्पाचे अनुकरण करताना पुष्कळदा विसरली जाते. आधाराविना नेमलेली कार्यकर्ती एकाकी पडते.

मेबल आरोळे यांचे १९९९ मध्ये, तर रजनीकांत आरोळे यांचे २५ मे २०११ रोजी निधन झाले. त्यांच्यानंतर कन्या डॉ. शोभा आरोळे व पुत्र रवी आरोळे यांनी प्रकल्पाची धुरा सांभाळली. येथील प्रशिक्षण संस्थेत देशोदेशींचे आरोग्य कार्यकर्ते शिकून गेले आहेत. त्यांना शिकवणाऱ्यांत ग्राम आरोग्य सेविकाही असतात.