तळटीप ४ : शिकारीची सामाईक पंगत

४. सामाईक पंगत : या कथेतल्या बिबट्यांच्या नगरात प्रत्येक प्रौढ नराने शिकारीचा ठरलेला वाटा पंगतीत आणायचा असतो, तो चुकला तर सभेतला अधिकार जातो. ही रीत प्राचीन स्पार्टातील ‘सिसिटिया’ या सहभोजनावरून घेतली आहे. तेथे दर नागरिकाला महिन्याकाठी जवाचे पीठ, द्राक्षमद्य, चीज आणि अंजिरे द्यावी लागत. ज्याला हे परवडत नसे त्याचे नागरिकत्व जाई, असे ॲरिस्टॉटल सांगतो आणि त्यावर टीकाही करतो. तरुण बिबट्याला पंगतीत घेण्यासाठी हाडांच्या तुकड्यांनी होणारे मतदान प्लुटार्कच्या लायकर्गसचरित्रातले आहे. सुमारे १५ जणांच्या गटात नवा सदस्य घ्यायचा झाल्यास प्रत्येक जण पावाच्या मऊ गराची गोळी, काही न बोलता, सेवकाच्या डोक्यावरील भांड्यात टाकी. दाबून चपटी केलेली गोळी म्हणजे नकार. अशी एक जरी निघाली तरी उमेदवार बाद. माद्यांना पंगतीत जागा नसणे हेही स्पार्टातलेच, कारण सिसिटिया पुरुषांपुरती होती.

खरा बिबट्या मात्र एकलकोंडा. तो शिकार झाडावर ओढून नेतो ती इतरांपासून वाचवण्यासाठीच. पिल्लांना मादी एकटीच वाढवते. त्यामुळे वाट्याची सक्ती या पात्रांच्या स्वभावाविरुद्ध जाते. पुढील हद्दपारीचा प्रसंग हे ध्यानात ठेवून वाचावा. — संपा.