एका वाडग्यामागचे सत्तर हात

'चहा' हा शब्द मूळचा चिनी, हे बहुतेकांना ठाऊक असते. ज्या कपबशीतून आपण तो पितो तिलाही आपण 'चिनी मातीची' म्हणतो. पण ही माती नेमकी कोणत्या गावची आणि तिला घडवणारे हात कोणाचे, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही.

चिनी लोकही पूर्वी चहा आजच्यासारखा पीत नसत. सोंग राजवटीत चहाच्या वड्या दळून त्यांची पूड गरम पाण्यात घुसळत आणि वर पांढरा फेस आणत. तो फेस उठून दिसावा म्हणून फुजियान प्रांतातल्या काळ्या वाडग्यांना मोठा मान होता. पुढे १३९१ मध्ये मिंग सम्राट होंगवू याने दरबारात नजराणा म्हणून येणाऱ्या या वड्या बंद केल्या. त्या बनवण्यात रयत पिचून जाते, असे त्याचे म्हणणे होते. त्यानंतर सुटी पाने पाण्यात भिजवून पिण्याची रीत सर्वत्र रुळली. फेस गेला आणि पाण्याला चढलेला रंग महत्त्वाचा ठरला. हा रंग पाहायला पांढऱ्या पोर्सेलिनसारखे भांडे नाही. ते आधीच्या चहाचा वास धरून ठेवत नाही, हा त्याचा आणखी एक गुण.

यातूनच पुढे घरोघरी 'गायवान' आले. गायवान म्हणजे झाकणाचा वाडगा. खाली बशी, मध्ये बिनकानाचा वाडगा, वर झाकण. त्यातच पाने भिजवायची आणि झाकणाने ती बाजूला सारून प्यायचे. बशी असते ती हात पोळू नये म्हणून.

अशा भांड्यांचे माहेर म्हणजे च्यांगशी प्रांतातले जिंगदेझेन. जवळच्या काओलिंग गावची माती आणि दळलेला पांढरा दगड एकत्र मळून तेथे सुमारे १३०० अंशांवर भाजत. मातीला आज जगभर 'केओलिन' म्हणतात, ते या गावावरूनच. १७१२ मध्ये दांत्रकोल या फ्रेंच धर्मोपदेशकाने जिंगदेझेनविषयी एक लांबलचक पत्र मायदेशी धाडले. रात्री हे शहर जळत असल्यासारखे दिसते, असे तो लिहितो. एक कारागीर फक्त काठावरची रेघ ओढतो, दुसरा फुलांची बाह्यरेषा काढतो, तिसरा रंग भरतो. आंधळे आणि पांगळेही रंग घोटून पोट भरतात. एकेक भांडे सत्तर हातांतून जाते, असे त्याला सांगण्यात आले होते.

युरोपला मात्र हवे होते ते यामागचे गुपित. सॅक्सनीचा इलेक्टर ऑगस्टस याने योहान बॉटगर नावाच्या किमयागाराला कैदेत ठेवून ते शोधायला लावले आणि १७१० मध्ये मायसनला कारखाना निघाला. तरीही चीनचा माल जहाजे भरून जातच राहिला. १७५२ च्या जानेवारीत 'गेल्डरमाल्सेन' हे डच जहाज दक्षिण चीनच्या समुद्रात बुडाले. १९८५ मध्ये त्याच्या पोटातून सुमारे दीड लाख भांडी वर काढली गेली. चहा केव्हाच सडून गेला होता. पण त्याच्याच थराने झाकली गेल्यामुळे कितीतरी पेले आणि बश्या धडधाकट राहिल्या होत्या. पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमला त्यांचा लिलाव झाला.

सम्राटाचे नाव इतिहासात आहे, कैदेतल्या किमयागाराचे आहे, बुडालेल्या जहाजाचेही आहे. काठावर रेघ ओढणाऱ्याचे नाव मात्र कुठेच नाही. त्याने ओढलेली रेघ तेवढी, दोनशे तेहेतीस वर्षे समुद्रात राहूनही, पुसली गेली नाही.

आपणही बशीत चहा ओतून फुंकर घालतो, तेव्हा काठावरच्या त्या रेघेकडे क्षणभर पाहावे. ती ओढण्याची रीत कोणा अनामिकाच्या हातून इथवर आली आहे.