माफी
दफ्तरी मराठीत हा शब्द फारसीच्या वाटेने आला; ज्या जमिनीचा सारा सरकारने सोडला, ती ‘माफी जमीन’. मूळ अरबी ‘अफ्व’ यात पुसून टाकण्याचा अर्थ आहे, तर ‘क्षमा’ ही सोसणे या अर्थाच्या ‘क्षम्’ धातूपासून झालेली, म्हणून पृथ्वीचेही नाव. ख्रिस्ती प्रार्थनेला मला, संस्कृताभिमान्यांचा रोष पत्करूनही, माफीच अधिक जवळची वाटते. कारण येशूच्या अरामी भाषेत ऋण आणि पाप यांना एकच शब्द होता, त्याने शिकवलेली प्रार्थना ग्रीक शुभवर्तमानात देताना मत्तयाने ऋणच ठेवले, आणि लूकने पाप लिहिले तरी पुढच्याच चरणात ऋणको डोकावतो. मत्तयाच्या १८ व्या अध्यायातला चाकर तर १०,००० तालांतांची (एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार!) माफी पदरात पडताच बाहेर येऊन १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो.