बाळाला गार करण्याच्या उपचाराची कुळकथा

नवजात बाळाला ऊब हवी, हे आजीला ठाऊक असते आणि बालरोगतज्ज्ञालाही. तरीही जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडलेल्या बाळाचा वॉर्मर आज मुद्दाम बंद ठेवतात. अंगाखाली गार पाणी फिरणारी गादी किंवा अंगालगत जेलपॅक, गुदद्वारात तापमान मोजणारी बारीक नळी, आणि मॉनिटरवरचा 33.5 अंश सेल्सिअस हा आकडा 72 तास फारसा हलू द्यायचा नाही. या उपचाराचे मूळ सांगताना 1950च्या दशकातल्या स्वीडनकडे बोट दाखवले जाते. ब्यॉर्न वेस्टिन तिथे श्वास न घेणारी बाळे थंड पाण्यात ठेवत. अशा दहा बाळांची हकीकत 1959 साली छापून आली. माझ्या मते हे नाते नावापुरतेच आहे. वेस्टिन यांचे लक्ष श्वासावर होते. तो सुरू झाला की गार करणे संपे. आजचा उपचार बाळाचा जीव सावरल्यावर सुरू होतो. शिवाय 1958 साली अमेरिकेत विल्यम सिल्व्हरमन यांनी दाखवून दिले होते की, अपुऱ्या दिवसांची बाळे जरा उबदार पेटीत जास्त संख्येने जगतात. मग थंडीचे नाव पुढे कित्येक वर्षे मागेच पडले.

खरा पूर्वज सापडतो तो लंडनमध्ये. 1980च्या दशकात ऑस्मंड रेनॉल्ड्स यांच्या गटाने चुंबकीय तपासणीने गुदमरलेल्या बाळांच्या मेंदूतली ऊर्जा मोजली. प्राणवायू आणि रक्तदाब पूर्ववत झाल्यावर सुरुवातीचे काही तास ती ठीक दिसे. मग बाहेरून काहीही बिघडलेले नसताना पुन्हा ढासळे. या दोन आघातांमधला वेळ हाच सगळ्या उपचाराचा पाया आहे. न्यूझीलंडमध्ये ॲलिस्टर गन यांनी मेंढीच्या गर्भांवर तो तपासून पाहिला. आघातानंतर दीड तासाने गार केले तर मेंदू बराच वाचे, साडेपाच तासांनी थोडा, साडेआठ तासांनी काहीच नाही. जन्मापासून सहा तासांच्या आत गार करायला सुरुवात करण्याची मर्यादा आली ती अशा प्रयोगांतून. 2005 साली अमेरिकेत सीता शंकरन यांच्या चाचणीत मृत्यू किंवा मोठे अपंगत्व 62 टक्क्यांवरून 44 टक्क्यांवर आले, आणि श्रीमंत देशांत कूलिंग रुळले.

मग भारताची पाळी आली. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या 408 बाळांवरच्या ‘हेलिक्स’ चाचणीचे निकाल 2021 साली आले. गार केलेल्यांपैकी 42 टक्के बाळे दगावली, न केलेल्यांपैकी 31 टक्के. आपल्याकडची शुश्रूषाच कमी पडली, हा पहिला आक्षेप. गार केलेल्या बाळाला जास्त देखरेख लागते हे खरे. पण ही मोठी रुग्णालये होती, व्हेंटिलेटर होते, ठरलेले तापमानही नीट राखले गेले. बाळे बाहेरून उशिरा आली, हा दुसरा आक्षेप. त्यालाही फारसा आधार नाही: चाचणीत घेतलेली सगळी बाळे सहा तासांच्या आतली होती, आणि त्याच रुग्णालयांत जन्मलेल्यांनाही फायदा दिसला नाही. तिसरा आक्षेप मला वजनदार वाटतो: आपल्याकडेही हा उपचार लागू पडलेला दिसला आहे. वेल्लोरला 50 बाळांवर झालेल्या चाचणीत गार केलेल्यांच्या मेंदूची इजा एमआरआयमध्ये कमी दिसली होती. पण चाचणी छोटी, आणि एमआरआयमधली सुधारणा म्हणजे वाचलेला जीव नव्हे. फार तर एवढेच म्हणता येईल की आपल्याकडेही काही बाळांच्या वाट्याला तो मधला वेळ येतो.

इतरांच्या वाट्याला तो का येत नसावा, याचा धागा ‘हेलिक्स’च्याच एमआरआयमध्ये आहे. अचानक प्राणवायू तुटला की मेंदूचे खोलातले भाग आधी होरपळतात; इथे श्वेतद्रव्याची इजा ठळक होती. प्राणवायू तास न् तास थोडाथोडा कमी पडत गेल्याची ही खूण असावी, असा संशोधकांचा कयास आहे आणि तो मला पटतो. डॉक्टर सहा तास मोजतात ते जन्मापासून. मार जर कळा चालू असतानाच बसत आला असेल, तर बाळ रडले नाही म्हणून धावपळ होईपर्यंत तो मधला वेळ उलटूनही गेलेला असतो. मेंढीच्या प्रयोगात आघाताची वेळ ठाऊक होती, प्रसूतिगृहात ती ठाऊक नसते. म्हणून जेलपॅक कोणता घ्यावा यापेक्षा आधीच्या तासांचे प्रश्न मला मोठे वाटतात: कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचे थेंब किती वेगाने चालले होते, आणि दोन कळांच्या मध्ये गर्भाचे ठोके कोणी ऐकले होते का.