सर्पगंधेपासून डोपामिनपर्यंत

छिन्नमनस्कतेत (स्किझोफ्रेनियात) मेंदूतील डोपामिनचा वाटा असतो, हे आजारी मेंदू तपासून समजले नाही. आधी औषधे लागू पडली. ती का लागू पडतात याचा माग काढताना हे रसायन सापडले.

त्यांतल्या एका औषधाचे मूळ भारतात आहे. भ्रमिष्टांना सर्पगंधेची मुळी देण्याची रीत इथे जुनी. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा गुण नोंदवला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या रक्तदाबावरील १९४९ च्या लेखाने पाश्चात्त्य वैद्यक जागे झाले. १९५२ मध्ये सिबा कंपनीच्या स्विस संशोधकांनी मुळीतून रेसरपिन वेगळे केले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना देण्यास सुरुवात झाली.

स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसरपिन सशांना दिले. ससे निपचित पडले आणि त्यांच्या मेंदूतील डोपामिन आटल्याचे आढळले. ज्यापासून मेंदूत डोपामिन बनते ते एल-डोपा देताच ते पुन्हा हिंडू लागले. क्लोरप्रोमाझिनचे कोडे अवघड होते, कारण त्याने डोपामिन घटत नव्हते. १९६३ मध्ये कार्लसन आणि मार्गिट लिंडक्विस्ट यांना उंदरांच्या मेंदूत डोपामिनच्या विघटनातून उरणारे पदार्थ मात्र वाढलेले दिसले. औषध ग्राही, म्हणजे डोपामिनचा संदेश टिपणारे पेशीवरील रेणू, अडवते, संदेश पोचत नाही, म्हणून चेतापेशी अधिक डोपामिन सोडत राहते, असे त्यांनी ताडले. ग्राही तेव्हा कुणी मोजलेही नव्हते. या तर्काची झेप म्हणूनच मोठी. १९७० च्या दशकात टोरंटोचे फिलिप सीमन आणि बाल्टिमोरचे सॉलोमन स्नायडर यांनी दाखवले की, औषध ग्राहीला जितके घट्ट चिकटते तितकी त्याची मात्रा कमी पुरते. अँफेटामिन डोपामिन वाढवते आणि त्याच्या अतिसेवनाने निरोगी माणसालाही संशय व भास ग्रासतात, हेही या तर्काशी जुळले. आईच्या वागण्यावर आजाराचे खापर फोडणाऱ्या तेव्हाच्या क्रूर मताला या कामाने मोठा धक्का दिला.

तरी सगळे उलगडले नाही. भास ओसरले तरी अलिप्तपणा, निरिच्छा आणि विचारांतला विस्कळीतपणा बहुधा टिकून राही. डोपामिनच्या ग्राहींना सैल चिकटणारे क्लोझापिन इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांना उपयोगी पडते, हे १९८८ मध्ये सिद्ध झाले. ग्लुटामेट या मेंदूतील दुसऱ्या रसायनाचे ग्राही अडवणाऱ्या फेनसायक्लिडिनने भासांबरोबर अलिप्तपणाही येतो, त्यामुळे संशोधन तिकडेही वळले. १९९० च्या दशकातील पेट स्कॅनमध्ये अनेक रुग्णांच्या मेंदूत डोपामिन जादा तयार होताना दिसले. पण ते का होते, यात जनुके, गर्भावस्था आणि वाढत्या वयातले ताण असे अनेक धागे आहेत. अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळालेले झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम हे औषध डोपामिनचे ग्राही अडवत नाही. ते अ‍ॅसिटिलकोलिनच्या ग्राहींमार्फत काम करते.